भेग बुजवण्याआधी

(माजी विद्यार्थी मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात केलेलं भाषण. बोलण्याचा बाज तसाच ठेवून शब्दांकन केलं आहे.)



काल रात्री जेवताना संयोजकांनी मला सांगितलं, "तू अमेरिकेतून आलायस, वीस मिनिटं बोल. मुलांना काहीतरी प्रेरणादायी सांग." मी अंथरुणावर पडल्या पडल्या विचार केला. माझ्या आधी इथे जे बोलले त्यातल्या कुणी कारखाना काढलाय, कुणी कातळावर आंब्याची बाग उभी केलीय, कुणी गावात दवाखाना चालवतंय. मी न्यू जर्सीत तीस वर्षं कचेरीत बसून संगणकाची कामं केली. त्यातून प्रेरणा काढायची तर फार खोल खणावं लागेल.

तेव्हा मी आज माझ्या बाथरूमच्या भिंतीला गेलेल्या एका भेगेबद्दल बोलणार आहे. हसा, हसा. हा विषय मी काल दुपारपर्यंत ठरवलेला नव्हता. दुपारी आपण सगळे शाळा बघत फिरलो, तेव्हा मागच्या बाजूला मला एक गोष्ट दिसली आणि ही भेग आठवली. तिथे मी शेवटी येतोच.

आधी तिकडची भिंत म्हणजे काय ते सांगायला हवं. आपल्याकडे भिंत म्हणजे जांभा, चिरा, नाहीतर वीट. तिला खिळा ठोकायचा म्हणजे आधी खिळा वाकतो, मग आपण वाकतो. अमेरिकेत बहुतेक घरं लाकडाच्या सांगाड्याची असतात. उभी लाकडं सोळा-सोळा इंचांवर ठोकलेली, आणि त्यांच्यावर दोन्ही बाजूंनी पाटे मारलेले. त्या पाट्याला म्हणतात ड्रायवॉल. आपल्या मंडळींनी हा पाहिलेला आहे. मुंबई-पुण्याच्या ऑफिसांत छताखाली खोटं छत करतात, तो जिप्सम बोर्ड. चार फूट रुंद, आठ फूट लांब आणि बहुतेक ठिकाणी फक्त अर्धा इंच जाड. मध्ये जिप्समचा पांढरा थर आणि दोन्ही अंगांना जाड कागद. बोटाच्या पेराने ठोकलं तर पोकळ वाजतं. उभं लाकूड जिथे असेल तिथे आवाज भरीव येतो.

ऑगस्टीन सॅकेट नावाच्या माणसाने १८९४ साली या कल्पनेचं पेटंट घेतलं. पण घरोघरी ती पोचली दुसऱ्या महायुद्धानंतर. सैनिक परत आले, घरं कमी पडली, आणि ओला गिलावा करून तो वाळायची वाट पाहायला कुणाला वेळ नव्हता. पाटा मारा, सांधा भरा, रंग द्या. ओल्या गिलाव्याशिवाय झालेली भिंत म्हणून 'ड्राय', म्हणजे कोरडी. नाव लक्षात ठेवा. ही भिंत कोरडी असेल तोवरच भिंत असते.

आता जिप्सम म्हणजे काय हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही, कारण आपण ते याच शाळेत शिकलो. कॅल्शियम सल्फेट, आणि त्याच्या प्रत्येक रेणूबरोबर पाण्याचे दोन रेणू. स्फटिकजल. तापवलं की त्यातलं तीन चतुर्थांश पाणी निघून जातं आणि उरतं ते प्लास्टर ऑफ पॅरिस. त्यात पुन्हा पाणी घातलं की ते पुन्हा जिप्सम होऊन दगडासारखं धरतं. विज्ञानाच्या सरांनी हे फळ्यावर लिहिलं. पण माझ्या डोक्यात ते बसलं कार्यानुभवाच्या तासाला, जेव्हा आपण खडू केले. आठवतंय? साच्याला तेलाचं बोट फिरवायचं, घमेल्यात कालवायचं आणि ओतायचं. कार्यानुभवाच्या बाई ओरडायच्या, "पाण्यात पावडर घाला रे, पावडरीत पाणी नको!" आणि दुसरं, "घट्ट व्हायला लागलं की ढवळू नका. वरून पाणी तर घालूच नका. गेलं ते गेलं, टाकून द्या." आमच्या गटाने बाईंची नजर चुकवून घट्ट झालेल्यात पाणी घातलं होतं. ते खडू फळ्याला टेकवले की भुगा व्हायचे. चाळीस वर्षांत शाळेतल्या कुठल्या तासाचा मला रोख उपयोग झाला असेल तर त्या तासाचा.

आता मूळ गोष्ट.

२०१६ साली आई आमच्याकडे पाच महिन्यांसाठी आली. वडील जाऊन दीड वर्ष झालं होतं. वय एकाहत्तर, प्रकृती ठणठणीत, पण गुडघे कुरकुरायला लागलेले. तिथल्या बाथरूममध्ये आंघोळीला टबात उतरावं लागतं. टबाची कड गुडघ्याच्या जवळपास येते. आईला मोरीत पाटावर बसून तांब्याने अंगावर पाणी घ्यायची सवय. म्हणून मी ती यायच्या आधी टबाशेजारच्या भिंतीला धरायला एक स्टीलचा दांडा बसवला. टबाच्या तिन्ही बाजूंना टाइल होत्या. त्या जिथे संपतात तिथून पुढे रंगवलेली ड्रायवॉल होती. दांडा टाइलच्या कडेला समांतर, अगदी सरळ बसवला. दिसायला सुरेख. बायकोने फोटो काढून आईला पाठवलासुद्धा.

भिंतीत मागे उभं लाकूड कुठे आहे हे मी पाहिलं होतं बरं का. ते दांड्याच्या जागेपासून साडेतीन इंच डावीकडे होतं. तिथे बसवला असता तर दांडा टाइलच्या रेषेत आला नसता, वाकडा दिसला असता. दुकानात प्लॅस्टिकचे गुल्ले मिळतात, पोकळ भिंतीत घालून त्यात स्क्रू फिरवायचा. पाकिटावर वजन लिहिलेलं होतं. मी म्हटलं, आईचं वजन आहेच किती?

दोन आठवड्यांनी दांड्याच्या खालच्या टोकापाशी केसाएवढी भेग दिसली. मी डब्यातली लांबी बोटाने चोपडली, पॉलिश पेपर मारला, वरून रंग दिला. रविवारची संध्याकाळ, तासाभराचं काम. तीन आठवड्यांनी भेग पुन्हा. या वेळी जरा लांब, आणि रंगाला फुगा. मी पुन्हा भरली. आई म्हणाली, "अरे, भिंत ओली लागते हाताला." मी म्हटलं, "आई, ही बाथरूमची भिंत आहे, ओली नाही तर काय असणार?" तिसऱ्यांदा भरली तेव्हा मी चांगला महागातला रंग आणला होता, बुरशी न धरणारा.

तिसऱ्या रंगानंतर नवव्या दिवशी सकाळी मी कामावर जायला निघालो होतो. वरून आवाज आला. धावत गेलो तर आई टबाच्या बाहेर फरशीवर बसलेली, उजवा हात पोटाशी धरलेला, आणि डाव्या हातात तो दांडा. दोन्ही टोकांना भिंतीचे पांढरे तुकडे लोंबत होते.

मनगटाचं हाड मोडलं होतं. डोकं टबाच्या कडेपासून वीतभर लांब आपटलं असतं तर... ते मी सांगत नाही. आईचं पहिलं वाक्य काय होतं? "तुझी भिंत खराब झाली रे. मीच जरा जास्त जोर दिला." त्या वाक्याने मला जे वाटलं ते मी इतकी वर्षं कुणाला सांगितलेलं नाही, आज तुम्हाला सांगतोय. भिंतीने मला तीनदा सांगितलं होतं आणि आईने एकदा. चारही वेळा मी वरून रंग दिला होता.

दवाखान्यात डॉक्टरांनी आधी हाड ओढून जागेवर बसवलं. ते करताना आईने माझा हात असा दाबला की मला माझ्या हाडांची काळजी वाटली. मग त्यांनी पांढऱ्या ओल्या पट्ट्या गुंडाळल्या. मी विचारलं, हे काय आहे? प्लास्टर. म्हणजे तेच, आपल्या खडूचं, माझ्या भिंतीचं. डॉक्टर म्हणाले, हे फक्त हाड हलू नये म्हणून. जोडायचं काम हाडच करतं, आणि वाकडं बसलेल्या हाडावर प्लास्टर घातलं तर ते वाकडंच जोडतं. त्यांना कल्पना नव्हती की ते कुणाशी काय बोलतायत.

आईला झोपवून मी भिंत उघडायला बसलो. एक सांगतो, आपल्यातले जे परदेशात आहेत त्यांच्यासाठी. घर १९७४ सालचं होतं. अमेरिकेत १९७७ पर्यंत सांधे भरायच्या लांबीत अ‍ॅस्बेस्टॉस चालत असे, आणि १९७८ पर्यंत घराच्या रंगात शिसं. अशा घरात भिंत घासण्या-फोडण्याआधी तुकडा प्रयोगशाळेत पाठवून तपासून घ्यायचा. मी तीनदा न तपासता घासली होती. या वेळी पाठवला. सुदैवाने काही निघालं नाही. मग मास्क लावून कापायला घेतली.

आत काय होतं? पाट्याचा मागचा कागद काळा पडलेला. खालचं जिप्सम बोटाने दाबलं तर ओल्या भाकरीच्या पिठासारखं दबत होतं. गुल्ले त्या पिठात बसले होते. त्यांच्यावरचं वजन पाकिटावर लिहिलं होतं ते कोरड्या पाट्यासाठी. मग पाणी कुठून आलं ते शोधायला मी टॉर्च घेऊन पालथा पडलो. टब आणि टाइल यांच्या सांध्यात रबरासारखा मसाला भरतात, तो कोपऱ्यात सुटला होता. करंगळीचं नख जाईल एवढी फट. रोजच्या आंघोळीचं चमचाभर पाणी तिथून आत जायचं, टबाच्या कडेने ओघळून भिंतीच्या पायाशी बसायचं, आणि जिप्सम ते टीपकागदासारखं वर ओढून घ्यायचं. म्हणजे पाणी खालून वर चढत होतं आणि मी वरून रंग देत होतो.

दुसरं कारण माळ्यावर सापडलं. बाथरूमच्या छतात वाफ ओढणारा पंखा होता. तो आवाज करायचा, म्हणजे चालतो असं मी धरून चाललो होतो. त्याचा नळा छपराबाहेर जायला हवा. तो मध्येच निसटून माळ्यावर पडला होता. किती वर्षांपासून, देव जाणे. सगळी वाफ माळ्यावर, आणि तिथून गार होऊन पुन्हा आमच्याच लाकडात. लाकूड ओलीने फुगतं, थंडीच्या कोरड्या हवेत आकसतं. त्यावर मारलेला पाटा कागदाचा आणि खडूचा. तो सांध्याला फाटणारच.

मग मी दुरुस्ती केली. ती कशी केली ते सांगतो, कारण सगळं मर्म क्रमात आहे.

सगळ्यात आधी पाणी बंद. टबाच्या सांध्यातला जुना मसाला खरवडून काढला, जागा पूर्ण वाळू दिली. नवा भरण्याआधी एका शेजाऱ्याने सांगितलेली युक्ती केली. टब पाण्याने काठोकाठ भरायचा आणि मग सांधा भरायचा. कारण भरलेला टब वजनाने किंचित खाली बसतो आणि फट मोठी होते. रिकाम्या टबात भरलेला सांधा पहिल्याच आंघोळीला ताणला जाऊन सुटतो. माणूस उभा राहिल्यावर भिंत कशी वागते ते माणूस उभा असतानाच बघायला हवं, हे मला कधी सुचलं नसतं. मग पंख्याचा नळा जोडून पट्ट्याने आवळला. पंख्याला टॉयलेट पेपरचा तुकडा लावून पाहिला, तो चिकटून राहिला. पण तेवढ्यावर न थांबता बाहेर जाऊन छपरावरची झडप उघडते का तेही पाहिलं. तेव्हापासून आमच्याकडे आंघोळीनंतर वीस मिनिटं पंखा चालू असतो.

दुसरं, वाळू देणं. सडका भाग कापून टाकला. नुसता सडका नाही, दोन्ही बाजूंच्या उभ्या लाकडांच्या मध्यापर्यंत, म्हणजे नवा पाटा अधांतरी न राहता लाकडावर बसेल. लाकडात जागोजाग स्क्रू-ड्रायव्हरचं टोक रुतवून पाहिलं, एका ठिकाणी रुतलं. तिथलं पोकळ लाकूड काढून शेजारी नवं जोडलं. मग भिंत तशीच उघडी ठेवून समोर टेबलफॅन लावला. दोन आठवडे. पाहुणे आले की बायको बाथरूमचं दार ओढून घ्यायची. मला रोज वाटायचं, आता बस झालं, झाकू या. आई म्हणायची, "माझा हात सहा आठवडे थांबणार आहे. तुझ्या भिंतीला एवढी कसली घाई?"

तिसरं, आधार. दोन उभ्या लाकडांच्या मध्ये, दांडा येणार त्या उंचीवर, दोन आडवी जाड लाकडं स्क्रूने आवळून बसवली. अमेरिकेत सार्वजनिक जागी लावायच्या अशा दांड्याने अडीचशे पौंडांचा जोर सोसला पाहिजे असा नियम आहे, म्हणजे एकशे तेरा किलो. आईचं वजन बावन्न. पण घसरणारं माणूस दांडा आपल्या वजनाने धरत नाही, हिसक्याने धरतं. हे पाकिटावर लिहिलेलं नव्हतं.

त्यानंतर पाटा, ओल सोसणारा, हिरव्या कागदाचा. जिथे अंगावर पाणी पडतं, टाइलच्या मागे, तिथे हाही चालत नाही. तिथे सिमेंटचा पाटा लागतो. माझी जागा टाइलच्या बाहेरची होती म्हणून चालला. खालून फरशीला टेकवायचा नाही, अर्धा इंच वर ठेवायचा, म्हणजे पुन्हा पाणी चोखून घेणार नाही. आणि मग सांधे. पहिला हात पावडर कालवून केलेल्या लांबीचा. हिच्यात प्लास्टर ऑफ पॅरिसच असतं. मी बादलीत पाणी घेतलं, पाण्यात पावडर घातली, पावडरीत पाणी नाही. घट्ट व्हायला लागलं तेव्हा उरलेलं टाकून दिलं. बाई, तुम्ही समोर बसला आहात म्हणून सांगतो, एक थेंबसुद्धा वरून घातला नाही. त्या ओल्या थरात कागदी पट्टी दाबून बसवली. नुसती लांबी सांध्यात टिकत नाही. दोन तुकड्यांना धरून ठेवते ती पट्टी. लांबी फक्त पट्टीला लपवते.

दुसरा हात पहिल्यापेक्षा रुंद, तिसरा त्याहून रुंद, आणि प्रत्येक पातळ होत जाणारा. दोन हातांच्या मध्ये एक अख्खा दिवस. मला वाटायचं, खड्डा आहे तर जाड थापून एकदाच भरावा. पण जाड थर वरून वाळतो आणि आतून ओला राहतो. मग आकसतो आणि पुन्हा भेग. शेवटी खोलीतला दिवा मालवून टॉर्च भिंतीला आडवी धरायची. समोरून सपाट दिसणाऱ्या भिंतीवर आडव्या उजेडात डोंगर-दऱ्या दिसतात. त्या घासल्या. मग प्रायमर, मग रंग.

रंग द्यायला मला एक दुपार लागली. बाकी सगळ्याला साडेतीन आठवडे. हे प्रमाण लक्षात ठेवा अशी माझी विनंती आहे.

आईचं प्लास्टर निघालं त्या दिवशी तिने दांडा डाव्या हाताने धरला आणि गदागदा हलवला. मग मला हलवायला लावला. मग सुनेला. मग म्हणाली, "आता टाइलच्या रेषेत नाहीये वाटतं?" मी म्हटलं, "नाही. आता लाकडाच्या रेषेत आहे." आई आज भावाकडे असते. मनगट पावसाळ्यात दुखतं. फोनवर ती सांगत नाही. भाऊ सांगतो.

आता कालची गोष्ट.

काल आपण शाळा पाहिली. कौलं चाळून घेतली आहेत, अंगण झाडलेलं आहे, बाईंनी आणि शिक्षकांनी अपुऱ्या पैशांत जे राखलंय ते पाहून खरोखर अभिमान वाटला. आपल्या बॅचने वर्षभर वर्गणी गोळा केली आहे आणि काल संध्याकाळच्या बैठकीत पहिला खर्च रंगकामाचा ठरला. पुढच्या महिन्यात सुरुवात, वार्षिक संमेलनाच्या आत शाळा चकाचक. कोटेशनमध्ये एक ओळ आहे, 'भेगा बुजवून दोन हात रंग'. ती ओळ वाचली आणि मला माझा तिसरा रविवार आठवला.

आमच्यातल्या दोघी मैत्रिणी मागच्या बाजूचं मुलींचं स्वच्छतागृह पाहायला गेल्या होत्या. आठवीतल्या एका मुलीने त्यांना सांगितलं, "आम्ही शक्यतो घरी जाईपर्यंत थांबतो. कडी लागत नाही." थांबतो म्हणजे सकाळी अकरापासून संध्याकाळी साडेपाचपर्यंत. मी नंतर जाऊन पाहिलं. खिडकीच्या कोपऱ्यातून दाराच्या चौकटीकडे तिरकी भेग गेली आहे. चौकट सरकली म्हणून कडी कोयंड्यात बसत नाही. भिंतीला गुडघ्यापर्यंत हिरवं शेवाळ, वर रंगाचे पोपडे. पोपड्यांखाली आधीच्या रंगाचा थर, त्याखाली त्याच्या आधीचा. म्हणजे रंग आपण पहिल्यांदा देत नाही आहोत.

शिपाईमामांनी शिडी धरली आणि मी वर चढलो. बायकोला सांगू नका. गच्चीवरच्या टाकीचा जादा पाणी जाणारा पाइप अर्ध्यात तुटलेला आहे. टाकी भरली की पाणी त्या भिंतीवरून ओघळतं, रोज. आणि बाजूच्या छपराची पन्हळ भिंतीच्या आधीच संपते, त्यामुळे पावसाळ्यातल्या सगळ्या पागोळ्या भिंतीच्या पायात पडतात. आपल्या कोकणात पाऊस किती पडतो ते मी काय सांगावं. पायाखालची माती दर वर्षी थोडी थोडी सुटत असणार.

यात कुणाचा दोष नाही. तुटलेला पाइप खालून दिसत नाही. भेग दिसते, म्हणून आपण भेगेला औषध लावतो. मीही तेच केलं, आणि मी तर त्याच घरात राहत होतो.

म्हणून माझी समितीला हात जोडून विनंती आहे. खर्चाचा क्रम उलटा करा. या आठवड्यात पाइप, हजार-दोन हजारांचं काम असेल. मग पन्हळ लांब करून पाणी पायापासून दूर सोडणं. मग सैल गिलावा खरवडून भिंत उन्हाळाभर उघडी ठेवायची, कितीही वाईट दिसली तरी. जाणत्या गवंड्याला बोलावून पाया उकरून दाखवायचा, आणि तो म्हणेल ते आधी. चौकट काढून ओळंब्यात बसवायची, म्हणजे कडी लागेल. मे अखेर गिलावा. आणि रंग? रंग दिवाळीनंतर. एक पावसाळा भिंतीने काढला, भेग हलली नाही, की मगच. तोवर संमेलनाचे फोटो शाळेच्या पुढच्या बाजूने काढा.

भेग हलते की नाही हे कळायला यंत्र लागत नाही. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी रेघ मारायची आणि शेजारी तारीख लिहायची. महिन्याने टोक रेघेच्या पुढे गेलेलं असेल तर भिंत अजून चालते आहे. हे काम आठवीच्या मुलामुलींना द्या. मोजतील, वहीत लिहितील, आणि आपल्यापेक्षा जास्त काळजीने करतील, कारण कडी त्यांची आहे.

माझी वर्गणी मी रंगासाठी लिहून दिली होती. ती मी आज बदलून पाइप, पन्हळ आणि चौकट यांच्या नावे लिहितो. त्या पैशांनी केलेलं काम कुणाला दिसणार नाही, त्यावर पाटी लावता येणार नाही, आणि तसंच असू दे.

बाई, तुम्ही शिकवलेले खडू आम्ही बिघडवले होते. उशिरा का होईना, धडा पाठ झाला एवढं सांगायचं होतं.

पेन्सिल मी खिशात घेऊन आलो आहे. चहाच्या सुट्टीत मागच्या भिंतीवर पहिली रेघ मारू. ज्यांना यायचं असेल त्यांनी यावं. शिडी धरायला दोन माणसं लागतील.